पडद्याबाहेर राहिलेले आईबाप

रँडल क्लायझर दिग्दर्शित ‘द बॉय इन द प्लास्टिक बबल’ हा चित्रपट १९७६ साली अमेरिकेत दूरचित्रवाणीवर आला. जन्मतःच रोगप्रतिकारशक्ती नसलेला टॉड निर्जंतुक खोलीत वाढतो, शेजारच्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि अखेरीस खोली सोडून तिच्यासह घोड्यावरून निघून जातो. जॉन ट्रॅव्होल्टाचा टॉड लोभस आहे. शेवट मात्र आम्हांस पटत नाही.

ज्याच्या आयुष्याचा आधार या कथेस आहे, तो ह्यूस्टनचा डेव्हिड व्हेटर तेव्हा पाच वर्षांचा होता. थोरला भाऊ याच विकाराने दगावलेला. पुढील मुलासही तो असण्याची शक्यता निम्मी. बहिणीची अस्थिमज्जा जुळेल या आशेने १९७१ साली आईबापांनी बाळास जन्मताच निर्जंतुक कक्षात ठेवू दिले. मज्जा जुळली नाही. काही काळापुरता कक्ष बारा वर्षे राहिला. ऑक्टोबर १९८३ मध्ये ती न जुळणारी मज्जाच देण्यात आली. तीत दडलेला एपस्टाइन-बार विषाणू तपासणीत सापडला नव्हता. त्यातून कर्करोग उद्भवला आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये डेव्हिड गेला.

चित्रपटात दार मुलगाच उघडतो, म्हणून आईबापांवरचे ओझे आपोआप उतरते. व्हेटर दांपत्यास ही सवलत नव्हती. दार लावणे आणि उघडणे, दोन्ही निर्णय त्यांनी अपुऱ्या ज्ञानावर, मुलाच्या वतीने घेतले. अशा निर्णयांची पारख परिणामावरून करणे सोपे असते. निर्णयाच्या क्षणी त्यांच्या हाती काय होते, हे दाखविणारी कलाकृती आम्हांस हवी होती.