नदीची रेघ आणि मनाची रेघ

'जसें अन्न तसें मन' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे कीं, तिचा खरेखोटेपणा तपासून पाहावा असें सहसा कोणास वाटत नाहीं. चीनच्या बाबतींत मात्र या म्हणीस अलीकडे शास्त्राचें पाठबळ मिळालें आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस टॉलहेल्म व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत जो 'भातशेतीचा सिद्धान्त' मांडला, त्याचा परामर्श घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम भूमि पाहूं. पश्चिमेस छिनलिंग पर्वत आणि पूर्वेस ह्वाय नदी यांना जोडणारी रेघ, सुमारें ३३ उत्तर अक्षांशावर, चीनचे दोन भाग करिते. झांग शियांगवेन या भूगोलज्ञानें ती १९०८ सालीं मांडली. तिच्या दक्षिणेस वर्षाकाठीं सुमारें ८०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व जानेवारींतही सरासरी तपमान गोठणबिंदूच्या वर राहतें. उत्तरेस याच्या उलट. म्हणून दक्षिणेंत भात व उत्तरेंत गहूं. नववर्षाच्या रात्रीं उत्तरेकडील कुटुंब कणकेच्या पारींत सारण भरून 'ज्याओझ' करीत बसतें. दक्षिणेंत पुष्कळ ठिकाणीं चिकट तांदुळाची 'न्येनगाओ' वडी लागते. पहिल्या पौर्णिमेच्या दिव्यांच्या सणास दोन्हीकडे तांदुळाच्या पिठाचे गोड गोळे खातात. परंतु उत्तरेंत सारणाचा खडा कोरड्या पिठांत घोळवून घोळवून वाढवितात, तर दक्षिणेंत आपल्या मोदकाप्रमाणें पारी करून तींत सारण मिटतात. कृति दोन, पण पीठ एकच, आणि तें गव्हाच्या मुलखांतही तांदुळाचें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

टॉलहेल्म यांचें म्हणणें असें: भाताच्या खाचरास पाणी लागतें, पाण्यास पाट लागतात, आणि पाट एकट्याच्यानें राखले जात नाहींत. शिवाय भातास गव्हाच्या सुमारें दुप्पट श्रम पडतात. लावणीच्या वेळीं शेजाऱ्याचा हात घ्यावा लागतो व तो फेडावाही लागतो. गहूं पिकविणारा पावसावर आपल्यापुरता जगूं शकतो. यामुळें दक्षिणेचा माणूस परस्परावलंबी व उत्तरेचा स्वतंत्रवृत्तीचा झाला. सहा ठिकाणच्या १,१६२ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवर हें मत उभारलेलें आहे.

या उपपत्तीचा मोठा गुण हा कीं, ती वंशाची भाषा बोलत नाहीं, कामाची बोलते. 'चिनी स्वभाव' नांवाचा जो एकच साचा परदेशी लेखक वापरीत आले, तो तिनें मोडला. ज्या विद्यार्थ्यांनीं जन्मांत एक रोप लाविलें नाहीं, त्यांच्यावरून शेतकऱ्याचें मन कसें ठरवावें, हा आक्षेपही आम्हांस निर्णायक वाटत नाहीं. शेत सुटलें तरी शेतानें लाविलेल्या चालीरीति घरांत टिकतात. खरा प्रश्न निराळा आहे. हा फरक भातामुळेंच, कीं दक्षिणेच्या इतर शंभर कारणांमुळें? याचें उत्तर टॉलहेल्म यांनीं २०२४ सालच्या निबंधांत शोधिलें. निंगशियामधील दोन सरकारी शेतमळ्यांपैकीं एकावर भात व दुसऱ्यावर गहूं. माणसें सरकारनें धाडलेलीं, आपण होऊन मळा निवडलेलीं नव्हेत. तेथेंही भातकऱ्यांत परस्परावलंबन अधिक आढळलें.

पुरावा वजनदार आहे. पण तो कोणाच्या बाजूचा? निंगशिया प्रदेश त्या रेघेच्या बराच उत्तरेस आहे. दोन्ही मळे उत्तरेंतले, आणि पीक बदलतांच कांहीं दशकांत मनही बदललेलें. म्हणजे काम मन घडवितें हें जितकें खरें ठरतें, तितकें नदी मन घडविते हें खोटें ठरतें. 'उत्तरेचे असे, दक्षिणेचे तसे' हा जो सिद्धान्ताचा बाजारी अवतार लोकांच्या तोंडीं बसला आहे, तो सिद्धान्ताच्याच उत्तम पुराव्यानें खोडला जातो.

इतिहासही हेंच सांगतो. उत्तरेचें जुनें धान्य राळे; गहूं हा पश्चिमेकडून आलेला पाहुणा. ११२७ सालीं जुर्चेन फौजांनीं खायफंग घेतल्यावर सोंग दरबार दक्षिणेस गेला, आणि ११४१ च्या तहानें ह्वाय नदी दोन राज्यांची सीमा ठरली. परंतु निर्वासितांनीं गव्हाची भूक बरोबर नेली, दक्षिणेंत गव्हाचे भाव चढले, आणि भात काढलेल्या शेतांत गहूं पेरला जाऊं लागला. हांगझोउचें वर्णन करणारा त्या काळचा लेखक वू झीमू लिहितो कीं, पूर्वीं खायफंगमध्यें दक्षिणी प्रवाशांसाठीं निराळ्या खानावळी असत. पण आतां अन्नें मिसळून उत्तर-दक्षिण भेदच उरला नाहीं. जी नदी दोन राज्यांची सरहद्द झाली, ती शेवयांस अडवूं शकली नाहीं.

मग या रेघेस कांहींच अर्थ नाहीं काय? आहे, आणि तो भयंकर आहे. १९५० नंतरच्या दशकांत सरकारनें हिवाळ्यांत घरें उबदार ठेवण्याची कोळशाची सोय रेघेच्या उत्तरेसच केली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा कीं, त्या धुरामुळें उत्तरेकडील आयुर्मान सुमारें ३.१ वर्षांनीं कमी झालें. दक्षिणेकडील लोक थंडींत कुडकुडले, उत्तरेकडील धुरानें आयुष्यास मुकले. आणि हें नदीनें केलें नाहीं, कचेरींतील लेखणीनें केलें.

ह्वाय नदीची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट छी राज्याचा वकील यान यिंग याची आहे. छूच्या राजानें त्याच्यासमोर एक बांधलेला चोर आणविला व विचारिलें, 'छीचे लोक स्वभावानेंच चोर असतात काय?' यान यिंगनें दक्षिणेचें संत्रें नदीपलीकडे कडू होतें असा दाखला देऊन सुचविलें कीं, हा माणूस छीमध्यें चोरी करीत नव्हता, येथें येऊन करूं लागला. वनस्पतिशास्त्र त्या फळांस दोन निराळ्या जाति मानतें. दाखला चुकला, पण उत्तर चुकलें नाहीं. लोक या गोष्टींतून 'नदीपलीकडचे लोक निराळे' एवढेंच उचलतात. यान यिंगचा रोख माणसाच्या जातीवर नव्हता, राजाच्या मातीवर होता. नकाशावरील रेघ दाखवून जो पलीकडच्यांचा स्वभाव सांगूं लागतो, त्यास प्रथम हेंच विचारावें कीं, तेथील पाणी, काम आणि कायदा कोणी ठरविला?