न्यायनिर्णयातील उपमा : प्रताधिकार आणि यंत्राचे ‘वाचन’

उपमा चुकली तर कवीचा श्लोक बिघडतो. न्यायालयात ती चुकली तर कोणाचा तरी हक्क जातो. या दृष्टीने अमेरिकेतील दोन अलीकडचे निर्णय अभ्यासकांनी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. कॅलिफोर्नियातील एकाच संघीय जिल्हा न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी ते दोन दिवसांच्या अंतराने दिले : बार्ट्झ विरुद्ध अँथ्रॉपिक (२३ जून २०२५, न्या. विल्यम ऑल्सप) आणि कॅड्रे विरुद्ध मेटा (२५ जून २०२५, न्या. विन्स छाब्रिया).

प्रश्न एकच होता. लेखकांच्या अनुमतीवाचून त्यांच्या ग्रंथांच्या प्रती करून त्यांवर कृत्रिम बुद्धीचे भाषाप्रारूप शिकविणे, हा तेथील कायद्याच्या कलम १०७ मधील ‘न्याय्य वापर’ होय काय? या मुद्द्यावर दोन्ही निकाल कंपन्यांच्या बाजूने लागले. पण त्यांची कारणे परस्परविरोधी आहेत. मुलांना उत्तम लिहावयास शिकविले तर उद्या ती स्पर्धक ग्रंथ लिहितील, अशी तक्रार कोणी लेखक करू शकत नाही. यंत्राविषयीची तक्रारही त्याच जातीची, असे ऑल्सप म्हणतात. छाब्रिया यांना ही तुलनाच अमान्य आहे. एकट्या माणसाच्या हाती अल्प श्रमात असंख्य स्पर्धक कृती देणारे साधन आणि शाळेतील मूल यांत साम्य नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

उपमेची परीक्षा साधारण धर्मावरून करावयाची असते. येथे उपमेय यंत्र, उपमान विद्यार्थी, आणि साधारण धर्म ‘वाचून लिहावयास शिकणे’ हा. परंतु विद्यार्थी ग्रंथ वाचतो तेव्हा प्रत निर्माण होत नाही. म्हणूनच वाचन प्रताधिकाराच्या कक्षेत कधी आले नाही. यंत्राला प्रत केल्यावाचून ‘वाचता’ येत नाही, आणि प्रत करणे हाच या कायद्याचा विषय आहे. ज्या क्रियेविषयी वाद, तीच उपमानात नसेल तर ती उपमा प्रश्न झाकते, सोडवीत नाही. दुसरे असे की, विद्यार्थ्याच्या लेखनाला एका आयुष्याची मर्यादा असते. यंत्राला ती नाही. तिसरे, मार्च २०२५ मध्ये थेलर विरुद्ध पर्लमटर या खटल्यात वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने ग्रंथकर्ता मनुष्यच असावयास हवा असे ठरविले. म्हणजे शिकताना यंत्र माणसासारखे, आणि लिहून झाल्यावर मात्र तसे नव्हे! प्रश्न भिन्न असल्याने यात कायद्याची विसंगती नसेलही. उपमेचा आधार मात्र डळमळतो.

तथापि ऑल्सप यांना न्याय द्यावयास हवा. ही उपमा त्यांनी सर्वत्र ताणलेली नाही. चोरट्या संग्रहांतून उतरवून ठेवलेल्या सत्तर लाखांहून अधिक प्रतींना त्यांनी न्याय्य वापराचे संरक्षण नाकारले, आणि त्यातून त्याच वर्षी दीड अब्ज डॉलरांची तडजोड झाली. शिवाय कायदा अभिव्यक्तीचे रक्षण करतो, स्पर्धेपासून अभय देत नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा उपमेवाचूनही उभा राहतो. अभंगाचा छंद किंवा ग्रामीण कथेची धाटणी कोणाच्या मालकीची नसते. स्पर्धक कृतींच्या पुराने मूळ ग्रंथांची बाजारपेठ खालावते, हा छाब्रिया यांचा विचार फार पुढे नेला तर शैलीवरही मालकी सांगितली जाईल. अर्थात त्यांच्यापुढील वादींनी त्या हानीचा पुरेसा पुरावा दिला नाही, म्हणून तो विचार त्या निकालात निर्णायक ठरला नाही.

भारतात विद्यार्थ्याची ही उपमा जशीच्या तशी चालणार नाही. आपल्या १९५७ च्या अधिनियमातील कलम ५२ मध्ये अपवादांची यादी आहे. अमेरिकेसारखी मोकळी कसोटी नाही. संशोधनासह खाजगी उपयोग, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त यांपैकी कशात व्यापारी प्रारूपाचे शिक्षण बसते? नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात लावलेल्या दाव्यात हाच प्रश्न उभा राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने वेगळी वाट सुचविली : कायदेशीर मार्गाने उपलब्ध झालेल्या कृतींवर प्रारूपे शिकविण्याची सरसकट परवानगी असावी, आणि त्याबद्दल लेखकांना मोबदला मिळावा. या सूचनेमागील उपमान, आमच्या मते, नभोवाणीचे आहे. २०१२ मध्ये आलेल्या कलम ३१डी नुसार प्रसारकाला ठरावीक शुल्क भरून, मालकाच्या संमतीवाचून, कृती प्रसारित करता येते.

हे उपमान अधिक जुळते. त्यात वादाची क्रिया तरी मान्य केली आहे. पण नभोवाणीवर कोणते गीत किती वेळा वाजले ते मोजता येते. प्रारूपात मिसळून गेलेल्या ग्रंथाचा वाटा कसा मोजणार? ज्याच्या आवृत्तीच्या पाचशे प्रतीही खपत नाहीत अशा मराठी लेखकाला नकाराचा हक्क गमावून जे हाती पडेल, ते त्या हक्काची किंमत ठरेल काय? पहिल्या उपमेत लेखकाला काहीच मिळत नाही. दुसरीत मोबदला मिळतो, पण संमती जाते. असे निर्णय वाचताना विद्यार्थ्यांनी आधी त्यांतील उपमान शोधावे, आणि ज्या कृत्याबद्दल माणसे न्यायालयात आली ते कृत्य त्या उपमानात आहे की नाही, ते पाहावे.