चाळीस किलोबाइटांतला गुरुजी

व्हिडिओ गेमविषयी आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा पालकसभेत, आणि तेही तक्रारीच्या सुरात. नाटकाची वा चित्रपटाची करावी तशी एखाद्या खेळाची चिकित्सा करावी, त्याचा घाट तपासावा, असे फारसे कोणाला वाटत नाही. घरगुती व्हिडिओ गेमला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत, आणि माझी पिढी त्याच्याबरोबरच वाढली. तेव्हा हा प्रयत्न करून पाहावा असे वाटले.

१९७२ साली अमेरिकेत राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून साकारलेले ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे यंत्र बाजारात आले. त्याला ना आवाज, ना रंग. पडद्यावर पांढरे ठिपके. मैदान हवे तर रंगीत प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा, आणि गुण आपले आपणच मांडायचे. बाकी सारे कल्पनाशक्तीवर सोपवलेले. १९७७ च्या अटारीत रंग आले, कॅसेटी बदलता येऊ लागल्या.

१९८३ साली जपानात निन्टेंडोचा ‘फॅमिकॉम’ आला. ही कंपनी मूळची १८८९ पासून क्योतो शहरात हानाफुदा पत्ते बनवणारी. याच यंत्राच्या नकला पुढे आपल्याकडे घरोघरी शिरल्या, ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटींसह. आत खेळ मोजकेच. तेच ते फिरून येत. त्यांतलाच एक १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’.

शिगेरू मियामोतो यांचा हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच, फक्त रंग बदललेला. इतकी ही काटकसर. पण माझ्यातल्या शिक्षकाला थक्क करतो तो त्याचा पहिला टप्पा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. कोठे जायचे ते न सांगता कळते. पुढून पहिला शत्रू येतो, तेव्हा उडी मारणे सुचते. पुढे दोन जिन्यांमधला खळगा आधी भरीव जमिनीचा असतो; पडलो तरी इजा नाही. त्यानंतरचा तसाच खळगा मात्र जीवघेणा. आधी सराव, मग परीक्षा, आणि मध्ये उपदेशाचा एक शब्दही नाही. उत्तम पाठाचे टाचण याहून वेगळे काय असते?

या जुन्या खेळात निष्ठुरताही होती, हे मान्य केले पाहिजे. तिन्ही ‘लाइफ’ संपल्या की मुळापासून आरंभ. आणि वीज गेली तर सारीच मेहनत पाण्यात.

पुढे यंत्रे सामर्थ्यवान झाली. १९९४ च्या प्लेस्टेशनने सीडी आणली. १९९७ चा ‘फायनल फँटसी सेव्हन’ तीन सीडींवर आला. कथा, संगीत, चलच्चित्रे यांची श्रीमंती वाढली, ही मोठीच कमाई. पण त्याबरोबर यंत्र बोलकेही झाले. १९९८ च्या ‘झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ची कॅसेट मारिओच्या सुमारे आठशेपट मोठी. हा श्रेष्ठ खेळ, निर्मात्यांत मियामोतोच. तरीही त्यातली नावी नावाची परी वारंवार हाक मारून काय करायचे ते सुचवत राहते. मुलाच्या हाती आधीच गाइड ठेवणाऱ्या मास्तरांची आठवण व्हावी!

म्हणून जुने तेवढे सोने, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. २०१७ चा ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ पाहावा. नायक गुहेतून बाहेर येतो आणि समोर अफाट मुलूख पसरतो. दिसेल तो डोंगर बहुतेक चढता येतो. सुरुवातीचे पठार ओलांडल्यावर आधी कोठे जायचे, हे खेळणाऱ्यानेच ठरवायचे. अफाट स्मृती हाताशी असूनही हा खेळ पुष्कळदा गप्प राहतो.

खेळाचे मोल ठरवताना चित्र किती हुबेहूब आहे हे मी शेवटी पाहतो. खेळणाऱ्याला स्वतः शोधून काढण्यासाठी काय शिल्लक ठेवले आहे, हे आधी पाहतो. पालकांनीही मुलाच्या शेजारी बसून एकदा एवढे पाहावे, आणि मग खुशाल तक्रार करावी.