वल्ली कुणाला म्हणायचं?

पु. लं.नी मराठी माणसाला एक फार सोयीचा शब्द दिला. 'वल्ली'. शब्द पूर्वी होताच, पण 'व्यक्ति आणि वल्ली' १९६२ साली आलं आणि तो घरोघर गेला. गल्लीत कुणी जरा विचित्र वागणारं दिसलं की आपण हसून म्हणतो, "वल्ली आहे हो!" एवढं म्हटलं की झालं. त्या माणसाकडे पुन्हा बघायला नको.

हे पुस्तक मी किती वेळा वाचलं याला गणती नाही. हरितात्या इतिहास सांगायला लागले की आपण स्वतः तिथं हजर असल्यासारखं सांगतात, आणि भोवती बसलेली मुलं ते खरं मानतात. रत्नागिरीच्या मधल्या आळीतला अंतू बर्वा समोरच्याला आधी तिरकस बोलून टोचतो. नंतर त्याच बोलण्याखालचा एकटेपणा दिसायला लागतो. पु. लं.चं मोठेपण इथं आहे. विक्षिप्तपणाची ते गंमत करतात, पण माणसाला तिथं सोडून देत नाहीत. आमच्या बेळगावचे रावसाहेब 'गणगोत'मध्ये आहेत. ते शिव्या देतात त्यासुद्धा आपल्याला जिव्हाळ्याच्या वाटतात, कारण त्यामागचं गाण्यानाटकाचं वेड लेखकानं आधी दाखवलेलं असतं. कानडी हेलाचं ते मराठी आमच्या कानाला तर घरचंच.

पण आता वयाच्या या टप्प्यावर वाचताना एक गोष्ट खटकते. या सगळ्या मंडळींना आडनाव आहे, आळी आहे, त्यांना ओळखणारं कुणी तरी आहे. मुख्य म्हणजे त्यांना बोलता येतं, आणि तेही झकास. वाचक त्या बोलण्यावर लुब्ध होतो आणि सुरुवातीचा अवघडलेपणा हसण्यात विरून जातो. आणि ओळख करून घेणारा लेखक पुरुष आहे. तो कुणाच्याही बाकावर बसू शकतो, पानसुपारी घेऊ शकतो, रात्री उशिरापर्यंत गप्पा मारू शकतो. 'व्यक्ति आणि वल्ली'तली शीर्षकं एकदा नुसती वाचत जा. त्यात एकाही बाईचं नाव नाही. बाई अशी वागली तर तिला वल्ली म्हणतात का? तिच्यासाठी आपल्याकडे दुसरे शब्द आहेत, आणि ते काही प्रेमाचे नाहीत.

आमच्या गल्लीत दोन वर्षं एक माणूस यायचा. प्रत्येक फाटकाची कडी एकदा वाजवून बघायचा आणि पुढं जायचा. मागायचा काही नाही, बोलायचाही नाही. कधी एखाद्या फाटकाशी थांबून आत टक लावून बघत राहायचा. गल्लीतले पुरुष संध्याकाळी कट्ट्यावर म्हणायचे, "वल्ली आहे, काय करत नाही." शेजारच्या मावशी म्हणायच्या, "मी तर त्याला बघितलं की दारच लावतो बघ." बस्तीतून परत येताना तो समोरून दिसला की आम्ही बायका रस्ता बदलायचो. त्यानं कुणाला त्रास दिला नाही हे खरं. आम्हाला भीती वाटायची हेही खरंच. माणूस एकच, पण कट्ट्यावरून दिसणारा वेगळा आणि फाटकाच्या आतून दिसणारा वेगळा. वल्ली-वाङ्मयात मला ही फाटकाच्या आतली बाजू सापडत नाही.

ती थोडीफार सापडली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त पंडित. अल्झायमरनं त्यांची स्मृती गेलेली. रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते लहान मुलासारखे त्याच्या मागं चालू लागतात. तिकडे मुलगी त्यांना शोधत फिरते. इकडे माहुताच्या बिऱ्हाडात एक अनोळखी म्हातारा येऊन बसलेला असतो. त्याला नाव सांगता येत नाही, घर सांगता येत नाही. माहुताची बायको चन्नम्मा त्याला जेवू घालते, सांभाळते. तो तिलाच आई म्हणायला लागतो.

इथं प्रतिष्ठित घरातला माणूस परका ठरतो आणि दार आहे ते गरिबाचं. डॉ. मोहन आगाशे यांचं काम मोठं आहेच, पण मला चन्नम्मा जास्त पटली. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिच्या बोलण्यातली कानडी आम्हा सीमाभागातल्यांना नुसती कानाला गोड लागत नाही, ओळखीची वाटते. अशा बायका आमच्या बाजारात रोज भेटतात. चन्नम्माजवळ 'वल्ली' हा शब्द नाही, आजाराचं नावही नाही. भुकेलेलं माणूस दिसलं, तिनं ताट पुढं केलं.

तरी एक शंका राहतेच. शास्त्री वयानं थकलेले, घरंदाज, तोंडात संस्कृत. त्यांना पाहून भीती वाटावी असं काही नाही. हेच उलट घडलं असतं तर? आठवण हरवलेला माहूत शास्त्रीबुवांच्या सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला असता, तर वॉचमननं त्याला आत घेतलं असतं का? चित्रपट या प्रश्नाच्या अगदी जवळ येतो आणि वळून जातो. शिवाय सांभाळायचं ओझं पुन्हा एका बाईवरच, आणि तेही जिच्या घरात सगळ्यांत कमी आहे तिच्यावर. तिच्या मातृत्वानं आपले डोळे भरून येतात, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस दिसला तर त्याला संरक्षण देणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं कर्तव्य ठरवलं आहे. त्याला कोठडीत ठेवायचं नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला न्यायचं. म्हणजे हसून सोडून देणं आणि दार लावून घेणं यांच्या पलीकडे तिसरी वाट कायद्यानं दाखवली आहे. साहित्यात ती मला क्वचितच दिसते. आपल्या कथाकारांना अजून एक तर बोलका वल्ली लागतो, नाही तर अंगावर येणारा वेडा.

पु. लं.कडून आपण माणसावर माया करायला शिकलो, ते ऋण आहेच. पण ती माया त्यांनी ओळखीच्या माणसावर केली. जो बोलत नाही, हसवत नाही, ज्याचं आडनाव कुणालाच ठाऊक नाही, त्याच्याबद्दल कुणी तरी लिहायला हवं. लिहिताना फाटकाच्या आत उभ्या असलेल्या बाईची भीतीही खोटी ठरवू नये. कडी वाजवणाऱ्या माणसाचं नाव काय, हे तिलाही जाणून घ्यायचं असतं. फक्त ते विचारायला ती एकटी बाहेर कशी येणार?