पंचांग ‘आकाशाशी जुळतं’ म्हणजे नेमकं काय जुळतं?

पुण्यात पंचांगावर वाद निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘आमचं पंचांग आकाशाशी जुळतं, म्हणून तेच शुद्ध.’ ऐकायला हे अगदी शास्त्रीय वाटतं. पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हे वाक्य एकदा सोडवून बघा. त्यात दोन वेगळे दावे आहेत, आणि त्यातला एकच मोजून सिद्ध होतो.

आधी जो सिद्ध होतो तो घेऊ. तिथी म्हणजे चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे जायला लागणारा काळ. चंद्र रोज साधारण १३ अंश सरकतो, सूर्य १ अंश. म्हणजे दोघांमधल्या अंतरात १ अंशाची चूक झाली तर तिथी जवळपास दोन तासांनी चुकते. ही चूक पकडता येते. चंद्रग्रहणाचा मध्य आणि पौर्णिमा संपण्याचा क्षण जवळजवळ एकच असतो; पंचांग उघडा, घड्याळ लावा, बघा. गणेश दैवज्ञांचं ‘ग्रहलाघव’ साधारण १५२० सालचं. त्याच्या गणितात काळानुसार फरक साचला होता. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली ती युरोपीय वेधांच्या आधारावर, आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताचं पटवर्धनी पंचांग निघू लागलं. इथे ‘आकाशाशी जुळतं’ हा दावा खरा आणि तपासण्याजोगा आहे.

आता दुसरा दावा. राशिचक्र मोजायला सुरुवात कुठून करायची? छत्र्यांनी रेवतीतला एक तारा धरला, आणि टिळक पंचांगही त्याच परंपरेतलं. राष्ट्रीय पंचांग आणि दाते पंचांग चित्रा तारा १८० अंशांवर धरून आरंभ ठरवतात. सूर्यसिद्धांतात रेवती जवळजवळ शून्यावर आणि चित्रा १८० वर आहे. पण प्रत्यक्षात या दोन ताऱ्यांमधलं अंतर १८४ अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे एकाला जागेवर बसवला की दुसरा ४ अंशांनी सरकतो. सूर्याचे ४ अंश म्हणजे ४ दिवस. म्हणूनच टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीला येते.

गंमत अशी की तिथीला या भांडणाशी काहीच देणंघेणं नाही. चंद्रातून सूर्य वजा केला की आरंभबिंदू आपोआप उडून जातो. महिन्याचं नाव मात्र संक्रांतीवर ठरतं. २०२३ चं उदाहरण घ्या. १७-१८ जुलैच्या मध्यरात्री एक अमावास्या संपली, पुढची १६ ऑगस्टला दुपारी. चित्रेच्या हिशेबाने सूर्य सिंहेत गेला १७ ऑगस्टला. दोन अमावास्यांमध्ये संक्रांत नाही, म्हणून अधिक श्रावण. रेवतीच्या हिशेबाने तीच संक्रांत १३ ऑगस्टच्या सुमारास, म्हणून तो महिना साधा श्रावण. परिणाम? बहुतेक घरांत गणपती १९ सप्टेंबरला बसले; टिळक पंचांग पाळणाऱ्यांकडे ते ऑगस्टमध्येच येऊन गेले. चंद्र सगळ्यांनी एकच पाहिला होता.

माझा आक्षेप इथे आहे. ‘शुद्ध’ या एका शब्दाखाली मोजमाप आणि संकेत दोन्ही बांधले गेले, आणि पहिल्याची विश्वासार्हता दुसऱ्याला फुकट मिळाली. चित्रा तेजस्वी आहे, पुण्याच्या उजेडातही दिसते. रेवतीचा तो तारा शहरातून साध्या डोळ्यांना दिसणं मुश्कील. पण ही सोय झाली, पुरावा नव्हे. हा सगळा वाद समजून घ्यायचा तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (पुणे, १८९६) वाचाच. त्यांचा स्वतःचा कौल सायन पंचांगाला होता, म्हणजे आरंभ वसंतसंपातापासून. मला ती बाजू जास्त प्रामाणिक वाटते, कारण महिने ऋतूंना बांधायचे हा तिचा हेतू उघड आहे. तरीही हेतू निवडणं हा निर्णयच. दुर्बिणीतून तो दिसत नाही.

तुमच्या प्रस्तावातही असं होऊ शकतं. ‘गरीब’ कोणाला म्हणायचं, ‘दुष्काळ’ कधी सुरू झाला म्हणायचा, हे आकडेवारी सांगत नाही. ते ठरवल्यावर आकडेवारी सुरू होते. म्हणून पद्धतीचं प्रकरण लिहिताना दोन रकाने करा: काय मोजलं आणि काय ठरवलं. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘का’ लिहा. तो रकाना रिकामा राहिला, तर तुम्ही काहीतरी ठरवलंय आणि ते तुमच्या लक्षात आलेलं नाही, असं समजा.