चौदा शिलिंगांचा संसार

काही पुस्तके अशी असतात की, ती आपल्या घरात असावीत की नसावीत, असा प्रश्न श्रद्धावंत कुटुंबाला पडतो. फ्रँक मॅकोर्ट यांचे ‘अँजेलाज ॲशेस’ हे आत्मकथन त्यांपैकी एक. आयुष्याचा मोठा काळ न्यूयॉर्कच्या शाळांत अध्यापन करून, वयाची पासष्टी उलटल्यावर लेखकाने प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक १९९६ साली आले आणि १९९७ साली त्याला पुलित्झर पारितोषिक लाभले. आयर्लंडमधील लिमरिक या कॅथलिक शहरातल्या एका दरिद्री कुटुंबाची ही कहाणी आहे. आपल्या शहराची आणि ख्रिस्तसभेची लेखकाने नालस्ती केली, अशी तक्रार खुद्द लिमरिकच्या अनेक नागरिकांनी केली. आम्हांला मात्र हे प्रथमतः एका घराच्या जमाखर्चाचे पुस्तक वाटते आणि त्याच अंगाने ते वाचले जावे, असे आम्ही सुचवू इच्छितो.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत ब्रुकलिनमध्ये होरपळलेले हे कुटुंब मायदेशी परतते. परंतु तेथेही सुबत्ता नाही. १९३२ ते १९३८ या काळात ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात जकातीचे युद्ध चालू होते. आयरिश गुरांची निर्यात त्यात भरडली गेली होती. बेकार पित्याला आठवड्याला १९ शिलिंग भत्ता मंजूर होतो. खाणारी तोंडे सहा. खोलीचे भाडे ५ शिलिंग. उरलेल्या १४ शिलिंगांत अन्न, वस्त्र आणि चहाचे पाणी उकळण्यापुरता कोळसा भागवायचा. ही वजाबाकी पिता करीत नाही. ती करते अँजेला, मुलांची आई. आणि त्या चौदांतलेही काही दारूच्या गुत्त्यात जाणार आहेत, हे तिला ठाऊक असते. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतल्या कितीतरी माउलींनी वाण्याच्या वहीसमोर बसून हाच हिशेब केला. म्हणूनच हे परके पुस्तक आम्हांला परके वाटत नाही.

या संसारात हिवाळा हा जणू आणखी एक सावकार आहे. लिमरिकची थंडी बर्फाची नव्हे, ओलीची. शॅनन नदीवरून येणारा पाऊस भिंतीत, कपड्यांत आणि शेवटी फुफ्फुसात मुरतो. धाकटी जुळी भावंडे एकामागून एक दगावतात. गल्लीतल्या घराचा तळमजला पाण्याखाली जातो तेव्हा कुटुंब वर राहायला जाते आणि त्या कोरड्या खोलीला ‘इटली’ म्हणू लागते. फाटक्या बुटांना पिता सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे ठोकतो. मुलगा ते घालून शाळेत जायला लाजतो. नाताळच्या दिवशी डुकराचे मुंडके शिजवायला कोळसा नसतो, म्हणून मुले गोदीच्या रस्त्यावर सांडलेला कोळसा वेचतात. पुढे तर घरातील लाकडी भिंतच तोडून जाळली जाते. लेखक यावर अश्रू ढाळीत नाही. मुलाच्या तोंडून, वर्तमानकाळात, साध्या वाक्यांत तो सांगत जातो आणि मधूनच आपल्याला हसवतो. हे हसू संपते तेव्हा घशाशी आवंढा येतो, आणि हेच या लेखणीचे सामर्थ्य आहे.

आता अवघड भागाकडे वळू. अँजेला सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या दारात उभी राहते. तिला मदत मिळते, हे विसरून चालणार नाही. पण त्याआधी तिला सर्वांदेखत प्रश्नांना तोंड द्यावे लागते. नंतर चिठ्ठी घेऊन ती दुकानात जाते, तर तेथे वजनातही फसवणूक होते. ही निंदा म्हणून झिडकारावी का? आम्हांला तसे वाटत नाही. याच पुस्तकाच्या अखेरीकडे एक फ्रान्सिस्कन धर्मगुरू खचलेल्या तरुणाचे पापनिवेदन अपार मायेने ऐकतो. ज्याला ख्रिस्तसभेचा केवळ द्वेष करायचा आहे, तो असे पान लिहीत नाही.

दोष आहेतच. चारपाच वर्षांच्या वयात ऐकलेले संवाद इतके नेमके कसे आठवावेत? लिमरिकच्या सज्जनांच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात. सर्वांत मोठी उणीव म्हणजे शीर्षकात जिचे नाव आहे, तिच्या मनात आपल्याला शिरताच येत नाही. ती विस्तवाकडे पाहत सिगारेट ओढते, उसने मागते, धर्मगुरूंच्या निवासाच्या दारी उरलेसुरले अन्न मागते. पण तिचे स्वतःचे म्हणणे मुलाच्या लाजेआड झाकून जाते. तिने हा संसार सांगितला असता तर तो निराळा झाला असता.

तरीही हे पुस्तक घरात असावे, असाच आमचा अभिप्राय आहे; मात्र त्यातील काही प्रसंग लहान मुलांसाठी नाहीत, हे पालकांनी ध्यानी घ्यावे. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये ज्या कार्याचा आरंभ केला, त्याचा गाभा गरिबाच्या घरी जाऊन त्याला भेटणे हा होता. १९९७ साली, म्हणजे या पुस्तकाला पारितोषिक मिळाले त्याच वर्षी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ओझानाम यांना धन्य घोषित केले. आपल्याकडेही ही सोसायटी काम करते आणि तिचे सभासद आपल्यातलेच असतात. पुढच्या वेळी एखाद्या घरी धान्य किंवा शाळेची फी पोहोचवताना ओटीवर चार शेजारी बसलेले असतील, तर प्रश्न विचारण्यापूर्वी आपण थांबू का? आत, दाराआडून, एखादा मुलगा आपल्या आईच्या चेहऱ्याकडे पाहत असेल. त्याला ते साठ वर्षांनीही आठवेल.