हेमाडपंतांच्या खात्यावर

परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. तेथील बारवेच्या पायऱ्या सरळ उतरत नाहीत. विहिरीच्या गोलाईबरोबर वळत वळत त्या पाण्यापाशी जातात. हे कोणीही जाऊन पाहावे, मोजावे. परंतु अशा जुन्या वास्तूंवरील लेखन आम्ही वाचतो तेव्हा पाहिलेले आणि ऐकलेले एकाच वाक्यात, सारख्याच ठामपणाने येते. चुन्याविना रचलेला घडीव दगड दिसला, की ‘हेमाडपंती’ हा शब्द उमटलाच!

हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत ही ऐतिहासिक व्यक्ती होय. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा तो मंत्री आणि ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाचा कर्ता. त्याची कारकीर्द तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. लोकपरंपरेने मोडी लिपी त्याच्या नावे केली, बाजरीदेखील केली. मग दगडांचे काय नवल? अंबरनाथच्या शिवमंदिरालाही सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. तेथील शिलालेख मात्र शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहारांच्या राजवटीतला आहे. हेमाद्री मंत्री होण्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीच ते मंदिर उभे होते. शिलालेख अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. बोलण्यातला शब्द काही हलला नाही.

शैलीचे एक सोयीचे नाव म्हणून तो राहू द्यावा, असे कोणी म्हणेल. आमची हरकत नावाला नाही. पण ‘हेमाडपंती’ लिहिणारा पुढच्याच परिच्छेदात ‘हेमाडपंताने बांधलेली’ असे लिहून जातो, आणि ज्या पाथरवटांनी तो दगड घडविला त्यांचे श्रम निमूटपणे एका मंत्र्याच्या खात्यावर जमा होतात. हा अन्याय लहान नव्हे.

आपल्या धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तारीख, आईवडील, धर्मगुरू, सारे लिहिलेले असते. प्रत्येक बारवेचे नशीब असे नसते. अलीकडच्या वर्षांत वालूरच्या ग्रामस्थांनी श्रमदानाने आपली बारव स्वच्छ केली. तिच्यावर लिहिणाऱ्याने आता खाली उतरावे. पायऱ्या किती, सांधे कसे बसविले, वळण कोठून सुरू होते, ते आधी नोंदवावे. ‘कोणी बांधली’ हा रकाना पुरावा मिळेपर्यंत कोरा राहिला तरी चालेल.